सारखी अक्षरं, वेगळी घराणी

फ्रेंचमध्ये एस, ओ, एन ही तीन रोमन अक्षरं शेजारी शेजारी लिहिली की होतो 'सों'. त्याचा एक अर्थ आवाज, दुसरा 'त्याचा' किंवा 'तिचा'. नेमकी हीच अक्षरं तुर्कीत लिहा, उच्चार होतो 'सोन' आणि अर्थ शेवट. जुना तुर्की सिनेमा संपला की पडद्यावर हाच शब्द येतो. मग तुर्कीत आवाजाला काय म्हणतात? 'सेस', म्हणजे एस, ई, एस. आणि ही तीन अक्षरं फ्रेंचमध्ये वाचलीत तर उच्चार 'से' आणि अर्थ 'त्याचे', म्हणजे मघाच्याच 'सों'चं अनेकवचन! दोन भाषांतले शब्द एकमेकांत इतके अडकलेले पाहिले की कुणालाही वाटेल, यांचं आत कुठेतरी नातं असणार.

मी फ्रेंच शिकवते. तुर्की शिकायला घेतली ती निव्वळ आवडीपोटी. तेव्हापासून या जोड्यांनी माझा पिच्छा पुरवला आहे. फ्रेंचमधलं मीठ तुर्कीत पूर होतं. फ्रेंचमधला दोरा तुर्कीत हत्ती होतो. तुर्की घरातून वाण्याकडे निघालेल्या चिठ्ठीवर पीठ, मांस आणि मध लिहिलेलं असेल, तर फ्रेंच माणूस ती चिठ्ठी 'एक, आणि, नाच' अशी वाचेल. तुर्कस्तानातल्या चौकाचौकांत लाल अष्टकोनी पाटीवर डी-यू-आर अशी अक्षरं असतात, त्यांचा अर्थ 'थांब'. फ्रेंच प्रवाशाला तिथे 'कठीण' असं लिहिलेलं दिसतं.

हे सगळं मराठीत सांगताना मात्र एक पंचाईत होते. हे शब्द दिसायला सारखे आहेत हे मी तुम्हाला दाखवू शकत नाही, कारण देवनागरीत उतरवले की ते सारखे राहतच नाहीत. फ्रेंच 'द्यूर', तुर्की 'दुर'. फ्रेंच 'ए' म्हणजे आणि, तुर्की 'एत' म्हणजे मांस. फ्रेंच 'अं' म्हणजे एक, तुर्की 'उन' म्हणजे पीठ. आपली लिपी कानाशी इमान राखते. शब्दाने शेवटचं अक्षर उच्चारात टाकून दिलं असेल तर ती ते लिहीत नाही, आणि स्वर नाकात गेला तर तेही नोंदवते. रोमन लिपीत जे जुळे भासतात ते देवनागरीत उभे केल्याबरोबर वेगवेगळ्या घरचे दिसू लागतात. सगळे नाही. मीठ आणि पूर दोन्ही 'सेल'च राहतात, नाच आणि मध दोन्ही 'बाल'च राहतात. म्हणजे कानाचाही भरवसा पुरता नाही. तिथे मग इतिहासाकडे जावं लागतं, आणि मला खरी गोडी लागली ती तिथेच.

'सों'पासूनच सुरुवात करू. आवाज या अर्थाचा 'सों' लॅटिन 'सोनुस'पासून आला. हा 'सोनुस' संस्कृत 'स्वन', म्हणजे ध्वनी, याचा सख्खा नातेवाईक आहे. मराठीत भाषाविज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने 'स्वन' आणि 'स्वनिम' हे शब्द वापरलेले असतात. ते वापरताना आपण फ्रेंच माणसाच्या 'सों'ला हात लावत असतो, हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पुढे पाहिलं तर 'त्याचा' या अर्थाचा दुसरा 'सों' लॅटिन 'सूउस'पासून आलेला, आणि त्याचं संस्कृतातलं भावंड म्हणजे 'स्व'. स्वतः, स्वभाव, स्वराज्य यांतला स्व. म्हणजे फ्रेंचमध्ये एकाच स्पेलिंगात येऊन बसलेले हे दोन शब्द आपल्याकडे 'स्व' आणि 'स्वन' असे अजून वेगळे उभे आहेत. तुर्की 'सोन'चा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. तो जुन्या तुर्की 'सोङ्'पासून आला. त्याचा अर्थ नंतर, मागून, शेवटी असा आहे, आणि त्याचं घर मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात आहे.

मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात दगडी स्तंभांवर जुन्या तुर्की भाषेतले लेख कोरलेले आहेत. त्यांतला कुल तेगिन या राजपुत्राच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ इसवी सन 732 मधला आहे. ती लिपी शतकानुशतकं कुणाला वाचता येत नव्हती. डॅनिश विद्वान विल्हेल्म थॉमसेन यांनी 1893 मध्ये ती उलगडली. त्या लेखांत 'ओन ओक', म्हणजे दहा बाण, या नावाच्या तुर्की टोळ्यांच्या संघाचा उल्लेख येतो. तोच 'ओन' आजही तुर्कीत दहा या अर्थाने जसाच्या तसा आहे. 'इल' म्हणजे प्रदेश, राज्य हाही त्या दगडांवर आहे. आज तुर्कस्तानातल्या प्रांताला 'इल'च म्हणतात, आणि ही आय-एल अक्षरं फ्रेंचमध्ये 'तो' या सर्वनामाची आहेत.

आता दुसरीकडे पाहा. इसवी सन 842 मध्ये ऱ्हाईन नदीकाठच्या स्ट्रासबूर्ग गावी शार्लमेनच्या दोन नातवांनी, चार्ल्स आणि लुई यांनी, थोरल्या भावाविरुद्ध एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली. सैनिकांना कळावं म्हणून ती लोकांच्या बोलीत घेतली गेली. त्या शपथेचा मजकूर हा फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. त्यात एक तुकडा असा आहे: 'सी कुम ओम पेर द्रेइत सोन फ्राद्रा साल्वार दिफ्त', म्हणजे माणसाने न्यायाने आपल्या भावाला जसं सांभाळावं तसं. यातला 'ओम' लॅटिन 'होमो'पासून, माणूस या अर्थाचा. झिजत झिजत तोच आजचा फ्रेंच 'ओं' झाला, म्हणजे 'कुणीही', 'लोक', 'आपण'. फ्रेंच माणूस दिवसभरात हा शब्द किती वेळा वापरत असेल याला गणती नाही. आणि त्याच तुकड्यात 'सोन' आहे, 'आपल्या' या अर्थाने. शेजारचा 'फ्राद्रा' कोण ते सांगायलाच नको. संस्कृत 'भ्राता' आणि आपला भाऊ त्याच घरचे.

या दोन मजकुरांमध्ये 110 वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर आहे. ओरखोनच्या पाथरवटाला ऱ्हाईन ठाऊक नव्हती आणि स्ट्रासबूर्गच्या लेखनिकाला ओरखोन. दहा मोजणारा 'ओन' आणि माणसाला हाक मारणारा 'ओम' आपापल्या वाटेने चालले होते. त्यांना एकाच स्पेलिंगात यायला अजून अकरा शतकं जायची होती.

हे इतक्या वेळा का घडावं, असा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने विचारला होता. योगायोग एखादा असतो, इतके कसे? तिचा प्रश्न रास्त होता, आणि त्याला चांगलं उत्तर आहे. ही सगळी जुळी बहुतेक दोन-तीन अक्षरांची आहेत. लांब शब्दांत असं क्वचित होतं. फ्रेंचचे छोटे शब्द झिजून छोटे झाले आहेत. लॅटिन 'सोनुस', 'दूरुस', 'फीलुम', 'आन्नुस' हे शब्द कृष्णेच्या पात्रातल्या गोट्यांसारखे शतकानुशतकं घासले गेले. त्यांची शेपटं गळाली आणि उरला एकच अवयव, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. तुर्कीचं उलटं आहे. तिथे मूळ धातूच छोटा असतो, बहुधा एका अवयवाचा, आणि प्रत्यय पुढे जोडत जायचे असतात. नुसता धातू उच्चारला की ती आज्ञा होते: 'दुर' थांब, 'गेल' ये, 'वेर' दे, 'बास' दाब. फ्रेंचमध्ये हीच अक्षरं म्हणजे कठीण, थिजवणारी थंडी, किडा आणि खालचा. एक भाषा झिजून तीन अक्षरांवर आली, दुसरी मुळातच तीन अक्षरांपासून निघाली. तीन अक्षरांत बसणाऱ्या आणि तोंडाला सोप्या अशा जुळण्या असतात तरी किती? त्या धडकणारच.

आपल्या घरातही हे आहे. मराठीत 'काम' लिहिलं तर ते कर्म, कम्म अशा वाटेने आलेलं रोजचं काम असतं, किंवा थेट संस्कृतातला इच्छा या अर्थाचा काम असतो. दोन शब्द, दोन व्युत्पत्ती, एकच लेखन. आपल्याला कधी अडचण वाटत नाही.

अकरा शतकांचा उल्लेख मी वर केला, तो मुद्दाम. कारण या जुळ्यांची जन्मतारीख सांगता येते. 1928 च्या आधी फ्रेंच आणि तुर्कीत एकही शब्द सारख्या स्पेलिंगचा नव्हता, असू शकत नव्हता, कारण तुर्की अरबी लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिली जात होती. 9 ऑगस्ट 1928 च्या रात्री इस्तंबूलमध्ये सरायबुर्नू इथल्या बागेत राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमाल, म्हणजेच पुढचे आतातुर्क, यांनी नव्या तुर्की अक्षरांची घोषणा केली. लिपी बदलायला काही वर्षं तरी द्यावी लागतील असं तज्ज्ञांच्या समितीचं मत होतं. त्यांनी ते मानलं नाही. होईल तर तीन महिन्यांत, नाहीतर कधीच नाही, असा त्यांचा हट्ट होता. 1 नोव्हेंबरला 1353 क्रमांकाचा कायदा मंजूर झाला. 1 डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या लिपीत निघू लागली, आणि 1 जानेवारी 1929 पासून पुस्तकंही. खुद्द कमाल गावोगाव फळ्यासमोर खडू घेऊन उभे राहिले. सप्टेंबरमधलं कायसेरीचं त्यांचं तसं छायाचित्र आजही तुर्की शाळांतून दिसतं.

त्या 29 अक्षरांच्या वर्णमालेत क्यू, डब्ल्यू, एक्स नाहीत. सीचा उच्चार 'ज' ठरवला गेला. 'जे' (J) हे अक्षर मात्र फ्रेंच पद्धतीने उच्चारायचं ठरलं, कारण तो आवाज मुळात परक्या शब्दांतच येत होता. एका अक्षराला एक आवाज, एका आवाजाला एक अक्षर, हे तत्त्व. मराठी माणसाला ते लगेच पटतं, कारण आपण त्यातच वाढलो आहोत.

या बदलाची किंमतही मोठी होती, आणि ती मला विसरता येत नाही. इस्तंबूलच्या जुन्या कबरस्तानांतले, कारंज्यांवरचे, मशिदींच्या दारांवरचे लेख आजच्या तुर्की तरुणाला वाचता येत नाहीत. त्याच्या पणजोबांनी लिहिलेलं पत्र त्याच्यासाठी नक्षी होऊन राहतं. आपल्याकडे पेशवे दफ्तरातले मोडी कागद आणि अनेक घरांत जुन्या पेट्यांतून पडलेली मोडी बाडं यांचं काय झालं ते आठवलं की ही वेदना परकी वाटत नाही. फरक इतकाच की मोडी हळूहळू मागे पडली, आणि तुर्कीची अरबी लिपी काही महिन्यांत गेली.

नवी वर्णमाला हाती आली तेव्हा तुर्कीत फ्रेंच शब्दांचा मोठा साठा आधीच होता. एकोणिसाव्या शतकात उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याने सुधारणांचा मार्ग धरला तो फ्रेंचच्या खिडकीतून. 1839 मध्ये इस्तंबूलमध्ये सुलतान महमूद दुसरा यांनी उघडलेल्या वैद्यकीय शाळेत शिक्षण फ्रेंचमधून होत असे, ते 1870 मध्ये तुर्कीत आलं. 1868 मध्ये गालातासराय इथे सुरू झालेल्या सरकारी विद्यालयात फ्रेंच हे प्रमुख माध्यम होतं. मुत्सद्देगिरीची भाषा फ्रेंच, रेल्वेची फ्रेंच, कपड्यांची फ्रेंच. पॅरिसहून येणाऱ्या गाड्यांसाठी 1890 मध्ये सिर्केजी स्थानक उभं राहिलं. तुर्की भाषा संस्थेच्या 2005 च्या शब्दकोशात फ्रेंचमधून आलेले शब्द जवळपास 5,000 मोजले गेले. परभाषी शब्दांत त्यांच्यापुढे फक्त अरबी आहे.

आणि हे शब्द लिहिले कसे गेले? कानाने. फ्रेंचमध्ये न्हाव्याला 'क्वाफ्योर' म्हणतात, त्याचं स्पेलिंग आठ अक्षरांचं. तुर्कीत ते सहा अक्षरांत 'कुआफ्योर' झालं. गाडी चालवणारा 'शोफ्योर', लिफ्ट म्हणजे 'असान्स्योर', दिव्याची छत्री 'आबाझूर', भेटीची ठरलेली वेळ 'रांदेवू', तिकिटाची खिडकी 'गिशे'. फ्रेंच माणसाला हे शब्द तुर्की पाटीवर ओळखू येत नाहीत. तो पाटीसमोर उभा राहून मोठ्याने वाचतो तेव्हाच त्याला आपलाच शब्द ऐकू येतो. आता फ्रेंच आणि तुर्की गिशे देवनागरीत लिहा: गिशे, गिशे. शोफ्योर, शोफ्योर. रोमन लिपीने ज्यांना अनोळखी करून टाकलं होतं ते आपल्या लिपीत पुन्हा एकत्र आले! खोट्या जुळ्यांना जिने वेगळं केलं, तीच खऱ्या भावंडांना जवळ आणते. मराठी माणूस या दोन भाषा शिकतो तेव्हा त्याच्या हाती हे केवढं मोठं साधन असतं, याची जाणीव आपल्या वर्गांतून कुणी करून देत नाही. आपण मुलांना फ्रेंच शिकवताना उच्चार देवनागरीत लिहू नका म्हणून दटावतो. मला ते आता पटत नाही.

स्पेलिंगही सारखं आणि मूळही एक, असे शब्दही आहेत. नॉर्मल, सालोन, पात्रोन हे फ्रेंचमधून तुर्कीत गेले. सुलतान, सोफा, किलीम तुर्कीतून फ्रेंचमध्ये आले. यांत फार रहस्य नाही. पण एक शब्द मला या सगळ्यांहून मोलाचा वाटतो, आणि तो मराठी माणसाने सांगायलाच हवा असा आहे.

टी, ए, आर, आय, एफ. फ्रेंचमध्ये याचा अर्थ दर, दरपत्रक. तुर्कीत याचा अर्थ वर्णन. पदार्थाची कृती सांगायची ती 'तारिफ', पत्ता समजावून सांगायचा तोही 'तारिफ'. मूळ अरबी आहे: 'तअरीफ', म्हणजे ओळख करून देणं, माहिती देणं. अरबी भाषेत जाणणे या अर्थाचा जो धातू आहे त्यापासून तो बनला. भूमध्य समुद्रातल्या व्यापारात मालावर किती कर लागेल त्याची 'माहिती' देणारी यादी हाच तअरीफ झाला, आणि इटालियन बंदरांतून 'तारिफ्फा' होऊन तो फ्रेंचमध्ये पोचला. उच्चार तिथे थेट 'तारीफ' असाच होतो. तुर्कीला तो शब्द अरबीतून सरळ मिळाला, म्हणून तिथे मूळ अर्थाच्या तो जवळ राहिला. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने आला. एखाद्याची ओळख करून देताना त्याचे गुण सांगतात, त्यातून तारीफ म्हणजे स्तुती झाली. आणि इंग्रजीच्या वाटेने आणखी एकदा आला, तो टॅरिफ म्हणून. विजेच्या बिलावरचं टॅरिफ आणि गाण्याच्या मैफलीनंतरची तारीफ हा एकच शब्द आहे. मराठीने तो दोन दारांतून दोनदा घरात घेतला. त्याच अरबी धातूचा आणखी एक वंशज आपल्याकडे रोज राबतो: 'मार्फत'. मूळ 'मअरिफत', म्हणजे जाण, ओळख. ओळखीच्या माणसाच्या द्वारे, म्हणून मार्फत. तुर्कीत तोच 'मारिफेत' कौशल्य या अर्थाने नांदतो.

'दिवाण'ची गोष्ट याहून फैलावलेली. फारसीत मुळात ती नोंदवही, मग नोंदी ठेवणारी कचेरी. उस्मानी साम्राज्यात सुलतानाचं मंत्रिमंडळ म्हणजे दिवाण. त्या दालनात भिंतींना लागून गाद्या घातलेली बैठक असे, तीही दिवाण. फ्रेंचने तेवढी बैठकच उचलली. फ्रेंच 'दिव्हाँ' म्हणजे पलंगवजा कोच. पण हाच शब्द फ्रेंचमध्ये आणखी एका वेशात आहे, आणि तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जकातीच्या नोंदवहीवरून, अरबी आणि इटालियन बंदरांमार्गे, तो 'दुआन' झाला, म्हणजे सीमाशुल्क. फ्रान्सच्या विमानतळावर ज्या पाटीखालून सामान न्यावं लागतं ती पाटी आणि दिवाणखान्यातला कोच, दोन्ही एकाच वहीतून निघाले. मराठीत तर या वहीची कितीतरी पानं उघडी आहेत: दिवाण म्हणजे कारभारी, दिवाणी दावा, दिवाणखाना, आणि फर्निचरच्या दुकानातला गादीचा दिवाण. 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगालची दिवाणी मिळवली, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क. हिंदुस्थानचा इतिहास ज्या शब्दावर वळला तोच हा.

दोऱ्याचा हत्ती होतो असं मघाशी म्हटलं. फ्रेंच दोरा लॅटिन 'फीलुम'चा, तुर्की हत्ती अरबी 'फील'चा, तो फारसी 'पील'चा. शिवकालीन कारखान्यांतला पीलखाना आठवा. नातं नाही म्हणून मी हा विषय सोडूनच दिला होता, तोवर बुद्धिबळाची आठवण झाली. आपण ज्याला उंट म्हणतो, तिरका चालणारा, त्याला तुर्कीत आजही 'फिल' म्हणतात. अरबी बुद्धिबळात तो 'अल्-फील', म्हणजे हत्ती. संस्कृत चतुरंगातली सेना फारसीत 'चतरंग', अरबीत 'शतरंज' होऊन पश्चिमेला निघाली तेव्हा हा हत्तीही निघाला, आणि मध्ययुगीन फ्रेंचमध्ये त्या मोहऱ्याचं नाव 'ओफँ' पडलं, ते या 'अल्-फील'चंच रूप. पुढे फ्रेंच पटावरचा तो हत्ती जाऊन त्याच्या जागी 'फू', म्हणजे विदूषक आला. म्हणजे हत्तीवाचक फील एके काळी फ्रेंचमध्ये येऊन राहून गेला होता. पटावरच्या हत्तीला आपण कोपऱ्यात नेलं, फ्रेंचांनी राजदरबारातला विदूषक केलं, आणि तुर्कांनी आहे तिथेच ठेवलं.

अशा लांबच्या प्रवासाचे शब्द मला सर्वांत प्रिय आहेत. फ्रेंच 'शाकाल', तुर्की 'चाकाल', फारसी 'शगाल', संस्कृत 'शृगाल'. फ्रेंच 'नार्गिले' आणि तुर्की 'नार्गिले' म्हणजे हुक्का. फारसीत 'नारगील' म्हणजे नारळ, कारण हुक्क्याचं पाणी करवंटीत भरत. आणि मागे संस्कृत 'नारिकेल'. कोकणातल्या माडाखाली पडलेला नारळ आणि इस्तंबूलच्या कॅफेतला धूर काढणारा हुक्का एका नावाचे आहेत. यांचं स्पेलिंग कुठेच जुळत नाही, आणि नातं मात्र सांगाडा दिसेल इतकं उघड आहे.

सारखेपणा दिसला की नातं जोडायचा मोह फार जुना, आणि तुर्कस्तानात तो एकदा सरकारी धोरणापर्यंत गेला. 1932 मध्ये तुर्की भाषा संस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्द काढून तुर्की शब्द घडवण्याचं काम जोरात सुरू झालं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पुढे सावरकरांनी तारीखेच्या जागी दिनांक आणला, त्यामुळे ही ओढ आपल्याला नवी नाही. पण तुर्कांच्या शुद्धीकरणात फ्रेंच शब्द बहुतांशी सुखरूप राहिले. उलट नवे घडवलेले काही शब्द फ्रेंचच्या तोंडवळ्याचे निघाले. अरबी 'मेक्तेप' जाऊन शाळेला 'ओकुल' आला. धातू अस्सल तुर्की, 'ओकु' म्हणजे वाचणे, पण कानात फ्रेंच 'एकोल' घुमत होतं हे लपत नाही. सार्वत्रिक या अर्थाचा 'गेनेल' जुन्या तुर्की 'गेन', म्हणजे रुंद, यापासून केला, पण शेजारी फ्रेंच 'जेनेराल' उभाच होता. तुर्की इतिहास संस्थेचं 1937 पासूनचं नियतकालिक 'बेल्लेतेन'. लक्षात ठेवणे या अर्थाच्या तुर्की धातूवर बेतलेलं, आणि फ्रेंच 'ब्युलताँ'चा प्रतिध्वनी.

1936 मध्ये तर सूर्य-भाषा सिद्धान्त मांडला गेला. सूर्याकडे पाहून आदिमानवाने काढलेल्या उद्गारातून भाषा जन्मली, आणि ती आद्य भाषा तुर्कीच होती, असा त्याचा गाभा. मग परका शब्द काढायची गरजच काय? फ्रेंच असो वा अरबी, सगळे मुळात आपलेच. 1938 मध्ये आतातुर्क गेले आणि तो सिद्धान्तही त्यांच्यामागे विरून गेला. त्याकडे तुच्छतेने पाहावं असं मला वाटत नाही. एका पिढीच्या पायाखालची लिपी काढून घेतली होती, शब्द काढून घेतले जात होते. अशा माणसांना जग आपल्याच घरातून निघालं असं मानावंसं वाटलं, तर त्यामागचं दुःख समजून घ्यायला हवं. पण व्युत्पत्ती मात्र त्याने चालत नाही. ती कागद मागते, साल मागते, आवाज कुठल्या नियमाने बदलला ते विचारते.

तुर्कीच्या आत आज हे दोन प्रवाह शेजारी राहतात. 'सोल' म्हणजे डावा, अस्सल तुर्की. आणि 'सोल' म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला स्वर, फ्रेंचमधून आलेला. 'दाम' म्हणजे छप्पर, आणि 'दाम' म्हणजे सोबतची स्त्री, फ्रेंच 'दाम'वरून. नाचगाण्याच्या जागांच्या दारावर 'दामसिझ गिरिल्मेझ' अशी पाटी असे: सोबत स्त्री नसेल तर प्रवेश नाही. कोशात छप्पर आणि स्त्री एकाखाली एक छापलेल्या असतात, आकडा एक आणि आकडा दोन.

सध्या मी एस-आय-टी-ई या चार अक्षरांच्या मागे आहे. तुर्कीत उच्चार 'सिते', अर्थ कुंपणाच्या आतल्या इमारतींची वसाहत, आपण पुण्या-मुंबईत जिला सोसायटी म्हणतो ती. फ्रेंचमध्ये याच स्पेलिंगचा 'सीत' आहे, म्हणजे ठिकाण, लॅटिन 'सितुस'पासून. पण तुर्की 'सिते' त्याच्यापासून आलेला नाही. तो आला फ्रेंच 'सिते'पासून, वस्ती किंवा नगर या अर्थाच्या, ज्याचं स्पेलिंग सीने सुरू होतं आणि मूळ लॅटिन 'किविटास' आहे. अक्षरं पाहून गेलो असतो तर चुकीच्या घरात शिरलो असतो. मग इंटरनेट आलं, आणि त्याच्याबरोबर 'सितुस'च्या घराण्यातली साइटही आली. तुर्कांनी तिलाही 'सिते' म्हटलं, त्याच चार अक्षरांत. आता तिथल्या सोसायट्यांनाही संकेतस्थळं असतात. त्याला तुर्कीत सरळ म्हणतात: 'सितेनिन सितेसी'.